आप्तवाक्य आणि प्रबंध

समुपदेशनशास्त्राचा एखादा विद्यार्थी शहापूर वा मुरबाड तालुक्यातील कातकरी वाडीवर जाऊन मोजक्या माणसांची मनोगते टिपून घेतो आणि त्यांवर पीएच.डी.चा प्रबंध रचतो, तेव्हा इतक्या थोड्या साक्षींवरून सिद्धान्त कसा काढला, असा आक्षेप बहुधा प्रथम निघतो. वस्तुतः प्रश्न संख्येचा नसून प्रामाण्याचा आहे, आणि त्याचा ऊहापोह आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी केलेला आहे.

न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्यापाठोपाठ शब्द हे चौथे प्रमाण येते. वात्स्यायनाच्या भाष्याप्रमाणे ज्याला वस्तूचा साक्षात् बोध आहे व जो ती यथार्थ सांगू इच्छितो तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते.

दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबासह वीटभट्टीवर जाणारी आणि पावसाळ्याच्या तोंडाशी वाडीवर परतणारी कातकरी स्त्री आपल्या दुःखाविषयी बोलते, तेव्हा यांपैकी पहिली अट ती निःसंशय पुरी करते. दुसरी मात्र तिच्या एकटीच्या स्वाधीन नसते. भट्टीचा मुकादम जवळ उभा असेल, किंवा वहीपेन घेऊन आलेला पाहुणा तहसील कचेरीतला असून त्याच्या शेऱ्यावर आपले घरकुल मंजूर होईल असा तिचा समज असेल, तर ती जबानी देईल, मन उघडणार नाही. म्हणजे यथार्थ सांगण्याची इच्छा जागविणे वा मारणे हे पुष्कळ अंशी ऐकणाऱ्याच्याच हाती असते, आणि आप्ताच्या लक्षणाला श्रोत्याच्या लक्षणाची जोड देणे हेच गुणात्मक संशोधनपद्धतीचे खरे कार्य होय.

लिंकन आणि गुबा या अमेरिकन अभ्यासकांनी 1985 साली दीर्घ सहवासाचा आणि काढलेला अर्थ सांगणाऱ्यासमोर पुन्हा ठेवण्याचा जो आग्रह धरला, त्याचे मर्म हेच आहे. तथापि त्या अर्थाला भिडेने मिळालेला होकार हा पुरावा नव्हे. ‘अंगात येते’ असे तिने सांगताच तेथे रोगाचे नाव लिहून मोकळा होणारा संशोधक शब्दप्रमाण सोडून आपल्या अनुमानालाच साक्षीची वस्त्रे चढवितो; भगताने काय केले, नंतर तिला कसे वाटले, हे तिच्याच बोलीत नोंदवून मगच त्याने आपला तर्क वेगळा मांडावा.

म्हणून परीक्षकाने मुलाखतींची गणती करण्यापूर्वी त्या कोठे, कोणाच्या देखत आणि कोणत्या बोलीत झाल्या, आणि सांगणाऱ्याच्या नकाराने संशोधकाचा एखादा तरी निष्कर्ष बदलला काय, हे विचारावे.