परमुलखातील शेजार आणि दानधर्म



सज्जनहो, श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत सात्त्विक दान कोणते? तर द्यावयास हवे एवढ्याच बुद्धीने जे दिले, ज्याच्याकडून उलट उपकाराची आशा नाही अशास दिले, आणि देश, काळ व पात्र पाहून दिले, ते. प्रवचन-कीर्तनांतून हा भाग पुष्कळदा येतो. परंतु 'देश' या पदापाशी आपण फारसे थांबत नाही. थांबावे लागतच नाही ना! चंद्रभागेचे वाळवंट आहे, आळंदी आहे, देहू आहे, पैठण आहे. तेथे जाऊन पसाभर दिले की देश साधला, असे आपण धरून चालतो.

पण ज्याचे पोटच परमुलखात आहे त्याने काय करावे? जेथे विठोबाचे राऊळ नाही आणि इंद्रायणीचा घाट नाही, ती भूमी दानाला अयोग्य मानावी काय?

हा प्रश्न आम्ही उगाच काढलेला नाही. आफ्रिका खंडात केनिया देशाची राजधानी नैरोबी, तेथून एका माळकरी गृहस्थांचे पत्र आले आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले. बारा वर्षे तेथे एका कारखान्यात हिशेबाचे काम करतात. दर आषाढीला पंढरीतील अन्नदानासाठी ठराविक रक्कम पाठविण्याचा त्यांचा नेम आहे. त्यांच्या फाटकावर जो राखणदार असतो, तिकडे त्यास आस्कारी म्हणतात, त्याची थोरली मुलगी हुशार निघाली आणि तिला माध्यमिक वसतिशाळेत जागा मिळाली. पण फी, गणवेश, गादी, पेटी यांचा आकडा राखणदाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा. गृहस्थ लिहितात, "महाराज, पंढरीचे पैसे या पोरीच्या फीला घातले तर पांडुरंग रागावेल काय? तो आपल्या धर्माचा नाही, रविवारी चर्चला जातो. आणि एकाला दिले की उद्या दारात दहा उभे राहतील, त्यांचे काय?"

प्रश्न लहान दिसतो, पण लहान नाही. प्रथम त्या मुलखाची हकीकत थोडी सांगितली पाहिजे, म्हणजे गाठ कोठे आहे ते कळेल.

मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची आगगाडी इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात बांधली. त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले, बहुतेक पंजाबचे. त्यांतले सुमारे २,५०० तेथेच मेले. मागाहून गुजराथी व्यापारी गेले, गोवेकर कारकून गेले, काही मराठी माणसेही गेली. त्यांनी रानोमाळ दुकाने थाटली. आजही तिकडच्या स्वाहिली भाषेत दुकानाला 'डुका' आणि गाडीला 'गारी' म्हणतात. चपाती तर नाव न बदलताच त्यांच्या ताटात गेली आहे. शब्द असे एका घरातून दुसऱ्या घरात गेले, पण माणसे मात्र भिंतीच्या अलीकडे नि पलीकडे राहिली. गोऱ्यांची वस्ती वेगळी, आपल्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी, हा इंग्रजी अमलाचा शिरस्ता. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला, पण मनातली भिंत लगेच पडत नसते. नैरोबीत पार्कलँड्सला आपली मंडळी बंगल्या-इमारतींतून राहतात आणि त्यांच्या शेजारी ओढ्याच्या उतारावर पत्र्याच्या झोपड्या आहेत. सकाळी तीच माणसे भांडी घासायला, बाग शिंपायला, फाटक राखायला वर येतात.

शेजारच्या युगांडा देशात इदी अमीन याने १९७२ साली आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितले. पिढ्यान् पिढ्यांची घरे सोडून माणसे हातातल्या पेटीनिशी निघाली. तो अन्यायच होता, त्यात शंका नाही. पण तेव्हापासून तिकडच्या आपल्या मंडळींत एक वेगळ्याच जातीचा दानधर्म निघाला आहे. 'काही दिले-घेतलेले बरे, उद्या वेळ आली तर हेच लोक आडवे येणार नाहीत,' असा त्यामागे हिशेब. आम्ही म्हणतो, अहो, हे दान नव्हे, हा विमा आहे! भगवंतांनी यालाच राजस म्हटले. माउलींनी तेथे दुभत्याकडे डोळा ठेवून गाईला चारा घालणाऱ्याची उपमा दिली आहे. चारा गाईच्या पोटात जातो हे खरे, पण घालणाऱ्याचे लक्ष कासेवर.

आता मूळ प्रश्न. 'देश' म्हणजे कोणता? ज्ञानेश्वरीत या जागी माउलींनी कुरुक्षेत्राचे आणि काशीचे नाव घेतले, आणि पुढे त्यांच्या तोडीचा दुसरा एखादा देशही चालेल अशी मुभा ठेवली. आमच्या मते सगळी किल्ली या मुभेत आहे. काशीच्या तोडीची भूमी कोणती, हे ठरवावे कशाने?

याचे उत्तर नाथमहाराजांच्या चरित्रात सापडते. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन नाथ रामेश्वरास निघाले होते. रामेश्वर जवळ आले, आणि तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडताना दिसले. नाथांनी कावड तेथेच उतरवली आणि ती गंगा गाढवाच्या तोंडात ओतली. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि भूतदया म्हणून मान डोलावतो. पण जागा पाहा. ती काशी नव्हती की रामेश्वर नव्हते. दोन क्षेत्रांच्या मधली अनामिक वाळू. मुलूख परका, भाषा परकी, आणि ते जनावर नाथांच्या दावणीचे नव्हे. पाणी देवाच्या नावे आधीच वाहिलेले होते. बरोबरच्यांनी विचारलेच असेल की महाराज, देवाचे पाणी वाटेत कसे देता? नाथांना मात्र रामेश्वर तेथेच पावला. कंठाशी प्राण आलेला जीव जेथे समोर आला, ती भूमी त्या घटकेला काशीच्या तोडीची झाली. मग नैरोबीतल्या फाटकापुढची फरशी काय वेगळी आहे?

'पात्र' या पदाची अडचण मात्र आम्ही लपवीत नाही. माउलींनी तेथे शुद्धाचरणी, वेदज्ञ द्विजाचे वर्णन केले आहे. त्या काळची ती रीत. कोणी शास्त्री हे पुढे करून म्हणेल की चर्चला जाणारा राखणदार या व्याख्येत बसत नाही. बसत नाही, कबूल. पण गाढव तरी कोठे बसत होते? आणि भगवंतांनीच सांगितलेली दुसरी अट, उलट उपकार करू न शकणारा, ती तर या राखणदाराइतकी कोणाला लागू पडेल? ग्रंथाची समाप्ती करताना माउलींनी जे मागणे मागितले ते साऱ्या प्राणिमात्रांसाठी मागितले. त्यातून केनिया वगळल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

आता तामस दान. अवज्ञेने, हिडीसफिडीस करून दिलेले ते तामस. परदेशात राहणाऱ्या सुस्थित माणसाच्या हातून हेच अधिक घडते, म्हणून यावर थोडे सविस्तर बोलतो. जुना कोट द्यावयाचा, पण बटणे तुटलेला. शिळी पोळी द्यावयाची, पण तिची आठवण महिनाभर काढावयाची. मोलकरणीच्या मुलाला औषध आणून द्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांदेखत तिलाच विचारावयाचे, 'काय गं, बरा आहे ना पोरगा?' म्हणजे पाहुण्यांनी पुढचे विचारावे! काहीजण तर देतानाची छायाचित्रे काढून गावाकडच्या मंडळींना धाडतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे पगार तुटपुंजा ठेवून वरून दान करणे. घामाचे द्रव्य आधी पुरते द्या, वेळेवर द्या. मग उरले तर दानाची गोष्ट. कष्टाचे पैसे दाबून केलेले अन्नदान विठोबाला पोहोचत नाही, मग ते पंढरीत करा की नैरोबीत.

वारकऱ्याला खरे म्हणजे हे शिकवावे लागू नये. कारण वारकरी हा देणारा होण्याआधी घेणारा आहे. आळंदीहून निघाल्यापासून वाखरीपर्यंत आपण कोणाचे खातो? सासवडची, जेजुरीची, लोणंदची, फलटणची, माळशिरसची, वेळापूरची माणसे भाकरी-पिठले घेऊन रस्त्यावर उभी असतात. ती आपली जात विचारीत नाहीत, नावही विचारीत नाहीत. उलट वाढून झाल्यावर आपल्याच पाया पडतात आणि आपण त्यांच्या पडतो. देणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंड वारीत राहतच नाही. पुढे पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्यात कोणाच्या लाह्या कोणाच्या मुखी गेल्या, याचा हिशेब ब्रह्मदेवालाही लागायचा नाही! हा संस्कार ज्याच्या अंगी आहे, त्याने परमुलखात शेजाऱ्याला देताना मुठीची दिशा विसरू नये. आज इकडून तिकडे गेली, उद्या तिकडून इकडे येईल. ती आली की घ्यावी.

पत्रातली एक गंमत येथेच सांगतो. या गृहस्थांनी गेल्या साली राखणदाराच्या धाकट्या मुलाच्या दुखण्यात मदत केली होती. महिन्याभराने राखणदाराची बायको गावाहून आली ती काखोटीला जिवंत कोंबडी घेऊन! तिकडे पुष्कळ समाजांत कोंबडी देणे हा मोठा मान समजतात. आता माळकऱ्याने करावे काय? नको म्हणावे तर बाईचा चेहरा पडतो. त्यांच्या कुटुंबाने मोठ्या शहाणपणाने ती दोन्ही हातांनी घेतली आणि अंगणात सोडली. कोंबडी अजून तेथेच नांदते आहे आणि अंडी राखणदाराची पोरे नेतात. या बाईंना शास्त्र कोणी शिकविले नसेल, पण असत्कार म्हणजे काय ते त्यांना बरोबर उमगले होते.

आणखी एक. त्यांच्या घरी एकदा जेवून या. तिकडचे गरिबाचे नित्याचे जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, त्यास उगाली म्हणतात, आणि सोबत 'सुकुमा विकी' नावाची हिरवी पालेभाजी. या नावाचा अर्थच मुळी 'आठवडा ढकल'! आपल्याकडे नुसत्या कण्यांवर दिवस काढलेल्या घरांना हे नाव समजावून द्यावे लागणार नाही. तेल कोणते घातले तेवढे विचारून घ्यावे, म्हणजे माळेला बाध येत नाही. शेजाऱ्याच्या घरची पानभर भाजी खाल्ल्याने त्याच्या मनावरचे ओझे जेवढे उतरते, तेवढे हजार शिलिंग देऊनही उतरत नाही.

तिकडे अशा देण्याची मोठी उदाहरणेही आहेत. नैरोबीहून मोंबासाच्या वाटेवर मकिंडू येथे रेल्वेवरच्या शीख बंधूंनी १९२६ साली गुरुद्वारा बांधला. तेथे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणत्याही धर्माच्या वाटसरूला आजही विनामूल्य जेवण मिळते. आपल्या गोमंतकाशी नाते सांगणारे पिओ गामा पिंटो हे तर या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगे. १९२७ साली नैरोबीत जन्म, शिक्षण हिंदुस्थानात, गोव्याच्या मुक्तीच्या चळवळीत भाग, मग १९४९ साली पुन्हा केनियात. इंग्रजांनी त्यांस १९५४ ते १९५९ स्थानबद्ध करून ठेवले. तुरुंगात खितपत पडलेल्या आफ्रिकी देशभक्तांच्या बायकामुलांसाठी त्यांनी पैसा उभा केला आणि स्वतःचाही घातला. १९६५ च्या फेब्रुवारीत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. ते समाजवादी होते, देवधर्माच्या भाषेत बोलत नसत. परंतु शेजारी कोणाला म्हणावे हे त्यांना ठाऊक होते, आणि म्हणून त्या भूमीत त्यांना कोणी परका म्हणू शकले नाही. केनिया सरकारने २०१७ साली तेथील आशियाई समाजाला देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. कागदावर हे नंतर झाले. पिंटोंसारख्यांनी ते आधीच करून ठेवले होते.

आता गृहस्थांना आमचे सांगणे. दुखणे-बाणे असेल, बाळंतीण अडली असेल, तर पंढरीचे म्हणून काढून ठेवलेले पैसेही खुशाल उचलावेत. बिल भरले नाही म्हणून रोग्याला घरी न सोडण्याचे प्रकार त्या देशात घडत आले आहेत. दोन बाळंतिणींना असे अडकवून ठेवले, ते २०१५ साली तेथील उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविले. अशा वेळी नाथांची कावड आठवावी आणि मागे-पुढे पाहू नये. शाळेच्या फीचे तसे नाही. तिथे प्राण कंठाशी नसतो, विचाराला अवधी असतो. त्या देशात प्राथमिक शिक्षण २००३ पासून बिनफी झाले, दिवसाच्या माध्यमिक शाळांची शिकवणीची फी २००८ पासून सरकार भरते. खर्च आहे तो वसतिगृहाचा, कपड्यांचा, जेवणाचा. म्हणून आधी चौकशी करावी की जवळची दिवसाची शाळा चालेल काय. चालत नसेल तर यंदाचा आषाढीचा संकल्प बोलल्याप्रमाणे पुरा करावा आणि पुढील वर्षापासून त्याचे दोन भाग करून एक मुलीकडे लावावा. पैसे मुलीच्या हाती किंवा बापाच्या हाती न देता शाळेतच भरावेत, पण पावती बापाच्या नावाने घ्यावी. शाळा सुरू होते जानेवारीत, तेव्हा मार्गशीर्षातच तजवीज केलेली बरी. आणि एकदा हात घातला की तिचे शालेय शिक्षण पुरे करावे. दोन वर्षांनी कंटाळून मध्येच सोडलेली पोर न दिलेल्यापेक्षा अधिक दुःखी होते.

दारात दहा उभे राहतील, हे खरेच. राहतील. दहांना पुरे पडण्याचे सामर्थ्य नसेल तर तसे गोड शब्दांत सांगावे, खोटी आशा दाखवू नये. तिकडे 'हारांबे' म्हणून एक चाल आहे. गाव गोळा होऊन वर्गणीने एकाचे काम उभे करतो. त्यात आपलाही वाटा इतरांइतकाच टाकावा, आणि यादीत आपले नाव सर्वांत वर लिहू देऊ नये.

उसने मागणाऱ्यांविषयीही त्यांनी विचारले आहे. परत येणार नाही हे उघड दिसत असता उसने म्हणून देणे, आणि मग रोज फाटकातून जाता-येता त्याच्याकडे त्या नजरेने पाहणे, यासारखी दोघांना जाळणारी दुसरी गोष्ट नाही. तुकोबारायांनी बापाच्या वेळची खतपत्रे काढली, भावाचा अर्धा वाटा कान्होबाच्या हवाली केला आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. भावाचा वाटा त्यांनी बुडविला नाही, हेही ध्यानात घ्यावे. घरात विचारल्याशिवाय घरचा पैसा लावू नये तो याचसाठी. तेव्हा कुटुंबाशी बोलून जेवढे सोडून देता येईल तेवढेच द्यावे, आणि वहीत ते येणे म्हणून न मांडता त्याच दिवशी खर्चाच्या बाजूला लिहून टाकावे.