नाही म्हटलं असतं तर

आमच्याकडं बाईला ‘तुमचं काय मत?’ असं विचारलं, की बोलायच्या आधी ती मागं वळून घराकडं बघते. नवरा, सासू, भाऊ, जो कुणी उंबऱ्यात उभा असेल त्याच्याकडं. मग म्हणते, ‘ते म्हणतील तसं.’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय, की समाजकार्याच्या वर्गात जाऊन बसेपर्यंत त्यात विचार करण्याजोगं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

वर्गात केसवर्क शिकवताना फेलिक्स बिस्टेक या अमेरिकन धर्मगुरूचं 1957 सालचं पुस्तक हमखास निघायचं. त्यातली सात तत्त्वं आम्ही पाढ्यासारखी पाठ केली होती. त्यातलं एक असं, की ज्याचा प्रश्न त्यानंच निर्णय घ्यायचा, कार्यकर्त्यानं तो आपल्या हातात घ्यायचा नाही. दुसरं असं, की त्यानं विश्वासानं सांगितलेलं फोडायचं नाही. आपल्या देशातलं या विषयाचं पहिलं विद्यालय 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावानं निघालं. तीच पुढं टाटा समाजविज्ञान संस्था झाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी, नागपाड्याच्या वस्तीत काम केलेले. त्यामुळं पुस्तकं तिकडची आली, शब्दही तिकडचे आले. त्यात वावगं काही नाही. आमच्या रानातला मका आणि मिरचीसुद्धा तिकडूनच आलीय. बियाणं कुठलं यापेक्षा ते आपल्या मातीत कसं येतं, हे बघायचं असतं.

मला ते बघायला मिळालं एका हक्कसोडीच्या निमित्तानं.

हक्कसोड म्हणजे काय ते खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही. बाप गेला की वारस नोंदीत भावांबरोबर बहिणींचीही नावं सातबाऱ्यावर चढतात. मग एक दिवस भाऊ गाडी करून बहिणींना तालुक्याला रजिस्ट्रीत नेतो, त्या आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर सह्या-अंगठे करतात, भाऊ साडी-चोळी करतो आणि संध्याकाळी पुरणपोळी होते. कायदा बहिणीच्या बाजूनं सरकत आलाय. 1956 चा वारसा कायदा आला, 1994 ला महाराष्ट्रानं केलेली दुरुस्ती आली, 2005 ला देशभरची आली. पण रजिस्ट्रीसमोर उभ्या असलेल्या जीपगाड्या काही कमी झाल्या नाहीत.

त्या घरात चार एकर जमीन, एक विहीर, एक भाऊ आणि दोन बहिणी. भावाचं म्हणणं खोटं नव्हतं. बापाचं दुखणं त्यानं काढलं, बहिणींची लग्नं त्यानं केली, त्याचं कर्ज अजून फिटत होतं. सातबाऱ्यावर तिघांची नावं, म्हणून सोसायटीचं नवीन कर्जही अडलं होतं. थोरली आक्का चांगल्या घरी नांदत होती. धाकटी नवऱ्यानं टाकलेली, आठ वर्षं भावाच्याच घरी. मी दोघींना विचारलं. दोघींनी एकच उत्तर दिलं, ‘दादा म्हनंल तसं.’

आता यावर दोन तयार उत्तरं आहेत. पुस्तकी माणूस म्हणेल, निर्णय त्यांचा त्यांनी सांगितला, आपण कोण बोलणार? किंवा तोच पुस्तकी माणूस उलटंही म्हणेल, की हे त्यांचं मत नव्हेच, त्या दबल्यात, त्यांना हक्काची जाणीव करून द्या. दुसरा म्हणेल, हे ‘स्वतःचा निर्णय’ वगैरे परदेशी खूळ आहे, आपल्याकडं माणूस एकटा नसतोच, घर ठरवतं. या दुसऱ्या बोलण्याला मी सहजासहजी हसत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांची मुलं सरकारी कार्यकर्ते घरातून काढून संस्थांत, परक्या घरांत ठेवत असत. माओरींनी सांगितलं, की मूल एकट्या आईबापाचं नसतं, ते फानाऊचं, म्हणजे सगळ्या गणगोताचं असतं. 1989 साली तिथं कायदाच झाला, की अशा मुलाबद्दल आधी गणगोताची बैठक बसवायची. अधिकाऱ्यांनी माहिती द्यायची आणि बाहेर जायचं, मग आतल्या लोकांनी आपसात बोलायचं. ती रीत पुढं इंग्लंड-अमेरिकेतही गेली. शहाण्यांनी अडाण्यांकडून शिकण्याची अशी उदाहरणं मला फार आवडतात, मग त्यातले शहाणे कोण आणि अडाणी कोण ते ज्यानं त्यानं ठरवावं.

पण ती रीत जशीच्या तशी आमच्या भावकीच्या बैठकीला लावली तर काय होईल? तिथं सरकारनं गणगोताच्या हातून मूल काढून घेतलं होतं, म्हणून ते गणगोताला परत दिलं. इथं वाटा जायचाय तो घरातच, आणि भावकीच्या जाजमावर बाई बसत नाही. ती दाराआड उभी राहून ऐकते. कार्यकर्ता बाहेर गेला की आत जे उरतं, त्याला ‘घरानं ठरवलं’ म्हणायचं का?

धाकटीशी बोलायला मला आडोसा हवा होता. पुस्तकात त्यासाठी खोली लागते. आमच्याकडं बाईला घेऊन खोलीचं दार लावलं, तर चार घरांत कालवा होतो. म्हणून मी खुरपं घेतलं आणि भुईमुगात तिच्या शेजारची पात धरली. मान खाली असली की बाया बोलतात, आणि वाऱ्यावर दुसऱ्या पातीपर्यंत शब्द जात नाही. मी तिला हक्काचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘समज, तू न्हाई म्हणालीस, तर काय होईल?’

तिचं खुरपं थांबलं. ‘रातीला झोपू कुठं, ताई?’

हाच प्रश्न मी आक्काला तिच्या घरी जाऊन विचारला. ती हसली. ‘दादा फुगंल चार दिस. पर मला ती जमीन घ्यायचीच न्हाई. मला दिवाळीला जायला दार पायजे.’

तेव्हा माझ्यापुरता उलगडा झाला. वाक्य एकच, पण आक्काच्या तोंडी ते देणं होतं आणि धाकटीच्या तोंडी भाडं होतं. आक्काला नाही म्हणता येत होतं, म्हणून तिचं हो तिचं होतं. माहेरासाठी आपला वाटा सोडणाऱ्या बाईला अडाणी ठरवायचा अधिकार मला कुठल्या पदवीनं दिलेला नाही. धाकटीचं हो मात्र कुणी घेतलंच नव्हतं, ते आधीच गहाण पडलं होतं.

आक्काच्या कानावर घालू का, असं मी धाकटीला विचारलं. ती म्हणाली, ‘तुमी नगा. म्या सांगते.’ तिनं सांगितलं. रजिस्ट्रीच्या दिवशी आक्कानं सही केली आणि भावाला म्हणाली, ‘माजं घे. हिचं नाव ऱ्हाऊ दे.’ भाऊ सगळ्यांदेखत काही बोलला नाही.

पण सगळं गोड झालं असं समजू नये. धाकटीची चूल पडवीत वेगळी झाली. त्या वर्षी भाऊबीजेला तिनं ओवाळायला ताट केलं, तर भाऊ रानातून आलाच नाही. सोसायटीच्या कर्जाला आता तिची सही लागते, आणि ती देते. माझ्या एका सहकाऱ्यानं मला तोंडावर विचारलं, की ताई, तुम्ही घर फोडलंत का? मी त्याला म्हटलं, चूल वेगळी करायची की नाही हे मी ठरवलं नाही. पण ठरवायचा प्रश्न तिच्यापर्यंत नेला तो मी, आणि त्याचं ओझं मी नाकारत नाही. भाऊबीजेचं ते ताट मला आजही दिसतं. तिला मी एकदा विचारलं, परत तशी वेळ आली तर? ती म्हणाली, ‘दुकतंय. पर आता झोप लागती.’

हल्ली शहरातल्या कॉलेजांची मुलं-मुली क्षेत्रकार्याला येतात. हुशार असतात, मनापासून फिरतात. त्यांच्या रिपोर्टात एक ओळ ठरलेली असते: ‘सदर महिलेने स्वतः निर्णय घेतला.’ मी ती ओळ खोडत नाही. शेजारच्या समासात पेन्सिलीनं लिहिते, ‘नाही म्हटलं असतं तर? जाऊन विचारा.’ काही जण कंटाळतात. काही जण दुसऱ्या दिवशी खुरपं मागायला येतात.