पावतीवर आहे, फाइलीत नाही

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी भोगावतीत उतरतं. जावामधला बफर्डआउटपुटस्ट्रीम मला समजला तो याच चित्रावरून. एकेक बाइट घेऊन डिस्ककडे धावणं महागात पडतं, म्हणून हा ऑब्जेक्ट बाइट आपल्यापाशी साठवतो. 8192 बाइटांची जागा भरली, की सगळे एकदम पुढं सोडतो.

पुढं गावातल्या एका दूध संस्थेसाठी मी संकलनाचा प्रोग्राम लिहिला. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, रक्कम. एका नोंदीचे साधारण 40 बाइट. सकाळच्या पाळीला दीडशे सभासद, म्हणजे झाले 6000. माझा तलाव कधी भरणारच नव्हता! पाळी संपून फाइल क्लोज होताना साठलेलं सगळं आपसूक लिहिलं जायचं, त्यामुळं महिनोन्‌महिने चूक ध्यानातच आली नाही.

एका सकाळी शेवटच्या दहा-बारा किटल्या उरल्या असताना वीज गेली. नंतर फाइल पाहिली, तर शून्य बाइट. पहाटे उठून धार काढलेल्या माणसांचं दूध कॅनमध्ये ओतलं गेलं होतं, पावती त्यांच्या हातात होती, आणि माझ्या प्रोग्रामच्या लेखी त्या दिवशी कुणी आलंच नव्हतं. मी दारोदार फिरून पावत्या गोळा केल्या. एका आजींनी पदराची गाठ सोडून पावती दिली. म्हणाल्या, "दोनच लिटर हाय रं, पर लिवून घे."

त्या दिवसापासून प्रत्येक नोंदीमागं फ्लश घातला, म्हणजे जागा भरायची वाट न पाहता साठलेले बाइट लगेच पुढं सोडायला सांगितलं. तेवढ्यानंही भागत नाही. फ्लश झालेले बाइट ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली होतात, आणि तिचीही स्वतःची साठवण असते. राधानगरीतून सुटलेलं पाणी भोगावतीतून येतं, प्रयाग चिखलीच्या संगमावर पंचगंगेचं होतं, आणि त्यानंतर कुठं राजाराम बंधाऱ्याला लागतं, तसंच हे. बाइट खुद्द डिस्कवर उतरवायचे, तर फाइलडिस्क्रिप्टरला वेगळं सिंक सांगावं लागतं. त्याला वेळ लागतो, हे खरं. पण एक किटली उतरून दुसरी काट्यावर चढेपर्यंत तो कुणाला जाणवतही नाही.

आता दूध मोजून होतं, नोंद लिहिली जाते, फ्लश होतो, सिंक होतं. पावती त्यानंतर छापली जाते.