शिरपेच राहिला, खजिना गेला

(वाचण्याचे पाठ : लूक १२, ओव्या १३ ते २१; निर्गम १६, ओव्या १३ ते २४.)



लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक मनुष्य प्रभू येशूकडे आपल्या भावाविषयी गाऱ्हाणे घेऊन येतो. वडिलार्जित मालमत्तेतील आपला वाटा भावाने द्यावा, इतकेच त्याचे मागणे आहे. प्रभू तो निवाडा करीत नाही. तो जमलेल्या सर्वांस लोभाविषयी सावध करितो, आणि एका शेतकऱ्याचा दृष्टांत सांगतो. त्या शेतकऱ्याचे शेत इतके पिकले की धान्य ठेवावयास जागा पुरेना. तेव्हा त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत केला. त्याच रात्री त्याच्या आयुष्याचा हिशेब मागण्यात आला, आणि कोठारे बांधावयाची ती राहूनच गेली.

हा मनुष्य चोर नव्हता. त्याने कोणाचे शेत बळकाविले असे प्रभू म्हणत नाही. पीक त्याच्या श्रमाचे व देवाच्या पावसाचे होते. मग त्याचे चुकले कोठे? जागा पुरत नाही असे दिसताच, आपल्यापाशी गरजेहून अधिक झाले आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. कोठार लहान पडते एवढेच आले. शिवाय तो जो विचार करितो तो स्वतःशीच करितो. शेजारी, मजूर, विधवा, वाटसरू, ह्यांपैकी एकाचेही नाव त्याच्या सबंध बोलण्यात येत नाही. ज्या घरात वस्तूंना जागा करिता करिता माणसांना जागा उरत नाही, त्या घराचे हे चित्र आहे.

आता आपण जव्हार व मोखाडा ह्या आपल्या मुलखातील घरांकडे वळू. कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारविलेली घरे आपणांस ठाऊक आहेत. त्यांत कणगी, जाते, उखळ-मुसळ, सूप, टोपल्या, शिंके, कोयता-विळा, पावसाळ्याकरिता इरले व घोंगडी, आणि चार भांडी असत. प्रत्येक वस्तूचे काम ठरलेले होते. आज पुष्कळ घरांवर पत्रे आले, विजेचा दिवा आला, आणि ही चांगली गोष्ट झाली. परंतु त्यांच्या मागोमाग मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले पंखे, कोणी न नेसावयाची लुगडी, एकाच कामाची चार-चार भांडी, आणि बाजाराच्या दिवशी स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले जिन्नसही आले. ते कोपऱ्यात गेले, माळ्यावर चढले, माचीखाली शिरले. ह्या ढिगास आपली भाषा अडगळ म्हणते.

अडगळ निरुपद्रवी असते असे कोणी समजू नये. आपल्याकडील पाऊस चार महिने भिंती कोरड्या होऊ देत नाही. शास्त्रात कसर व गंज ह्यांचे नाव आहे. त्यांच्या जोडीला आपल्याकडे वाळवी व बुरशी आहेत. ढिगाच्या मागे उंदीर राहतात, आणि उंदरांच्या मागे साप येतो. मण्यार रात्री फिरते व जमिनीवर निजलेल्यास चावते, आणि आपली लेकरे जमिनीवरच निजतात. तेव्हा निजावयाच्या जागेजवळचा ढीग हलविणे हे त्या लेकरांच्या जिवाचे रक्षण होय. साप चावल्यास मंत्र-उताऱ्यात एक घटकाही न दवडता दवाखाना गाठावा, हेही येथेच सांगून ठेवितो.

परंतु अडगळीचे मोठे नुकसान ह्याहून निराळे आहे. ते समजण्याकरिता आपल्याच भूमीतील एक इतिहास पाहू.

जव्हारजवळचे शिरपामाळ आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. इ. स. १६६४ च्या आरंभी शिवाजी महाराज सुरतेवर स्वारीस जात असता ह्या माळावर थांबले. जव्हारचा राजा विक्रमशहा त्यांस येथे भेटला व त्याने त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच खोवला. म्हणून ह्या जागेस शिरपामाळ म्हणू लागले, अशी परंपरा आहे. पुढे ८ वर्षांनी काळ पालटला. १६७२ च्या जून महिन्यात मोरोपंत पिंगळे ह्यांनी जव्हार जिंकून घेतले. विक्रमशहास आपले ठाणे सोडून जावे लागले, आणि त्याचा साठविलेला खजिना जिंकणाऱ्यांच्या हाती गेला. तो १७ लाख रुपयांचा होता, असे इतिहासकार लिहितात.

बंधुभगिनींनो, ह्या दोन्ही वस्तू एकाच राजाच्या होत्या. एक त्याने पाहुण्यास आपल्या हाताने दिली, दुसरी कुलुपात जपून ठेविली. जपून ठेविलेल्या १७ लाखांतील एक रुपयाही आज कोणी दाखवू शकत नाही. दिलेल्या शिरपेचाचे नाव मात्र साडेतीनशे वर्षांनंतरही त्या माळावर नांदत आहे, आणि गुरे चारणारे पोरही ते घेते. राजकारणाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु स्वर्गात संपत्ती साठवा असे प्रभू म्हणतो, तेव्हा तो काय म्हणतो हे ह्या माळावर उभे राहिले असता कळते. जे दिले जाते ते हरवत नाही.

तिसऱ्या प्रकारची एक वस्तू असते. ती आपण दिलेलीही नसते व साठविलेलीही नसते. ती उसन्या पैशाने आणलेली असते. तिच्याविषयी आपल्या जिल्ह्याने फार कडू धडा घेतला आहे. डहाणू, उंबरगाव आणि आसपासच्या भागांत पूर्वी लग्नगडी नावाची चाल होती. लग्नास पैसा नाही म्हणून तरुण मनुष्य जमीनदाराकडून रक्कम घेई, आणि ती फिटेपर्यंत तो त्याच्या घरी व शेतावर राबे. त्याची बायकोही राबे. हिशेबाची वही जमीनदारापाशी, आणि वाचता येणारा कोणी नाही. मग कर्ज फिटावे कसे? काहींचा सारा जन्म त्यात गेला. १९४५ साली तलासरीजवळील झरी येथे वारली बांधव जमले, गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर ह्यांच्या पुढारीपणाने त्यांनी वेठ नाकारिली, आणि ही चाल मोडली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी सर्व देशात गुन्हा ठरली.

त्या लोकांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोष त्यांच्या गरजेचा फायदा घेणाऱ्यांचा होता. परंतु जो दोर आपल्या वडिलांच्या गळ्यातून एवढ्या कष्टाने निघाला, तो आपण आपल्या हाताने पुन्हा गळ्यात घालावा काय? दिवाळी झाली की आपल्या मुलखातील कितीएक कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. जाण्याआधी उचल घेतली जाते. ती पोटाकरिता किंवा औषधाकरिता असेल, तर आम्ही एक शब्द बोलत नाही. पण ती मांडवाच्या थाटाकरिता, वाजंत्रीकरिता, शेजाऱ्याने घेतला म्हणून घ्यावयाच्या मोबाइलाकरिता किंवा दुचाकीच्या पहिल्या हप्त्याकरिता असेल, तर नीट विचार करा. वस्तू जूनपर्यंत जुनी होते. उचल मात्र मे महिन्यापर्यंत अंगावर राहते, आणि मुलाची शाळा त्या भट्टीच्या धुरात बुडते. दुकानदार म्हणतो की हप्ता लहान आहे. परंतु लहान हप्ते चार झाले म्हणजे महिन्याची मजुरी हातात येण्याआधीच दुसऱ्याची झालेली असते.

येथे कोणी विचारील, पाळकबुवा, ज्याच्या घरात दोनच भांडी आहेत त्यास तुम्ही कमी करा असे सांगता काय? नाही. दारिद्र्य हे पुण्य नव्हे, आणि उपाशी मनुष्यास संतोषाचा उपदेश करणे हे प्रभूचे काम नव्हे. प्रभूने उपाश्यास भाकर दिली. ज्यास अंथरूण नाही त्याने अंथरूण घ्यावे. हे बोलणे ज्यांच्या घरात दोन अंथरुणे रिकामी पडून आहेत त्यांच्याशी आहे. आणि मंडळीत ज्यांस दरमहा वेतन मिळते ते आम्ही पाळक, उपदेशक व शिक्षक त्यांत पहिले येतो.

दुसरा कोणी विचारील, मग साठवूच नये काय? ह्याचे उत्तर मान्नाच्या गोष्टीत आहे. रानात इस्राएलांस रोजच्या पुरते गोळा करण्याची आज्ञा होती. काहींनी सकाळपर्यंत ठेविले, त्यात किडे पडले. परंतु सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून शब्बाथाकरिता ठेविले ते नासले नाही. अन्न तेच, भांडे तेच. एक ठेवणे अविश्वासाचे होते, दुसरे आज्ञेचे. म्हणून कणगीतील बियाणे ही अडगळ नव्हे. भात, नागली, वरई ह्यांचे राखलेले बी म्हणजे पुढल्या वर्षाची भाकर होय, आणि त्यास हात लावू नये. योसेफानेही मिसरात धान्य साठविले. ते दुष्काळात कोठार उघडण्याकरिता. कोठार उघडण्याकरिता भरले की मिटण्याकरिता, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

इंग्लंड देशात जॉन वेस्ली नावाचे प्रसिद्ध उपदेशक होऊन गेले. ते १७९१ साली वारले. ऑक्सफर्ड येथील एका तरुणाचा हिशेब त्यांनी एका प्रवचनात दिला आहे, आणि तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच असे मानतात. पहिल्या वर्षी त्यास ३० पौंड मिळाले. २८ त खर्च भागवून २ त्याने गरिबांस दिले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले. तेव्हाही खर्च २८ च ठेवून ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले, ६२ दिले. चौथ्या वर्षी १२० मिळाले, ९२ दिले. प्राप्ती चौपट झाली, पण त्याचे घर चौपट झाले नाही. आपल्यापैकी कोणाचे वेतन किंवा मजुरी वाढली, तर त्याने प्रथम हे ठरवावे की माझे २८ कोणते.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. भातकापणी संपल्यावर, स्थलांतराच्या आधी, एक दिवस नेमावा. त्या दिवशी घरातील सर्व सामान अंगणात उन्हात काढावे, घर झाडून सारवावे, आणि मग एक-एक वस्तू पाहून आत न्यावी. जी वर्षभरात कामास आली ती आत न्यावी. जी चांगली आहे पण आपल्या कामाची नाही, ती धुऊन, शिवून, दुरुस्त करून दुसऱ्यास द्यावी. फाटके व मोडके देणे हे दान नव्हे. ती आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात टाकणे होय. जी मोडून गेली आहे ती भंगारात घालावी, परंतु प्लॅस्टिक चुलीत जाळू नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. हे करिताना नवऱ्याने बायकोची वस्तू तिला न विचारता काढू नये, व मुलांनी म्हाताऱ्यांची काढू नये. ज्याने त्याने आधी आपली काढावी.

मंडळीनेही एक काम करावे. मोठी पातेली, सतरंज्या, शिडी, फवारणीचा पंप ही प्रत्येक घराने विकत घेण्याची गरज नाही. ती मंडळीची म्हणून एके ठिकाणी ठेवावी, एका विश्वासू मनुष्याने वही लिहावी, आणि ज्याच्या घरी कार्य असेल त्याने नेऊन स्वच्छ करून परत आणावी. असे झाले तर लग्नाच्या उचलीतील बराच भाग घ्यावाच लागणार नाही.

आणि बाजारात जाल तेव्हा पैसे काढण्याआधी स्वतःस तीन प्रश्न विचारा. ही वस्तू नसल्यामुळे गेल्या महिन्यात माझे कोणते काम अडले? हिचे पैसे माझ्या गाठीस आहेत, की पुढल्या हंगामाच्या घामातून द्यावयाचे आहेत? आणि शेजाऱ्यापाशी हे नसते, तर मला हे हवे वाटले असते काय? तिन्ही प्रश्नांतून जी वस्तू पार पडेल ती आनंदाने घ्या, आणि देवाचे आभार मानून वापरा.

प्रियहो, आपला प्रभू ज्या घरात जन्मला त्यात त्याला जागा नव्हती म्हणून तो गव्हाणीत निजला. आजही तो पाहुण्याच्या, अनाथाच्या, भट्टीवरून आजारी होऊन परतलेल्या शेजाऱ्याच्या रूपाने आपल्या दाराशी येतो. त्याने आत यावे, आणि त्याचे अंथरूण घालावयास सारविलेली, कोरडी, रिकामी जागा आपल्या प्रत्येकाच्या घरात असावी, असे देव करो. आमेन.