दिले म्हणजे झाले का?



एका आजींनी दोन वर्षे पापनिवेदन केले नव्हते. कारण विचारले तर म्हणाल्या, "फादर, मला ऐकू यावं म्हणून तुम्ही मोठ्यानं बोलता, अन् सगळं चर्च ऐकतं." (त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत.) आम्ही खजील झालो.

मुलाने लातूरहून कानाचे मशीन आणून दिले होते. ते ट्रंकेत पडून होते. "आम्ही आमचं कर्तव्य केलं," मुलगा म्हणाला.

ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे आम्ही सेमिनरीत शिकलो. पण आजींचे काय होते? मशीन, की घरातल्या बोलण्यातला वाटा?

चष्म्यासारखे हे लगेच जमत नाही. पंखा, भांडी, रिक्षा, सगळेच मोठ्याने ऐकू येते. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे, कधी महिने लागतात. मशीन पुन्हा जुळवून घ्यावे लागते. कानातली सततची गुणगुण मशीनने बरी होत नाही, पण बाहेरचे आवाज ऐकू आले की अनेकांना ती कमी जाणवते. केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र व्यक्तींना मशीन मिळते. टीव्ही बंद करून समोर बसणारा माणूस घरातूनच मिळायचा.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभूने बहिऱ्या माणसाला आधी गर्दीतून बाजूला नेले, 'एफ्फाथा' नंतर. इतकी वर्षे वाचूनही ते बाजूला नेणे आमच्या लक्षात आले नव्हते.

ज्यांना कमी ऐकू येते त्यांचे पापनिवेदन आता शनिवारी संध्याकाळी निवासातील मागच्या खोलीत, दार लावून होईल. पंखा बंद असेल. उकाडा सोसावा लागेल.