टाकलेली सुई

दिवाळीच्या साफसफाईत पुरुषमाणसाने घरात लुडबुडू नये, असे आमच्या घरातले एकमत आहे. म्हणून परवा सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन जिन्यात बसलो होतो. कचरा न्यायला येणाऱ्या बाई वर आल्या. बोटाला चिंधी गुंडाळलेली. मी विचारले, "काय झालं हो?"

"काही नाही काका, सुई टोचली. कुणाच्या तरी पुडीत होती."

बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. माझी पंचाईत झाली ती त्यामुळेच. गेली नऊ वर्षे मी मधुमेहासाठी रोज पोटात सुई टोचून घेतो आणि ती कागदात गुंडाळून टोपलीत टाकतो. सुईवर कुणाचे नाव नसते. ती माझी होती की वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांची, हे आता कधीच कळायचे नाही. जो अपराध सिद्धच होणार नाही, तो अपराध म्हणायचा की नाही?

माझ्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. डॉक्टरांचा कंपाउंडर काचेची पिचकारी नि सुई उकळायला ठेवी, आणि त्या पाण्याचा बुडबुड आवाज ऐकूनच आम्ही भोकाड पसरत असू. तीच सुई पुढे कितीजणांच्या दंडात जाई. पुढे एकदाच वापरायची सुई आली. एकाचा रोग दुसऱ्याला लागण्याचे भय कमी झाले, पण वापरलेली सुई टाकायची कुठे, हा नवा प्रश्न दाराशी उभा राहिला.

रुग्णालयांपुरते त्याचे उत्तर सरकारने १९९८ साली नियम करून दिले, आणि २०१६ साली ते नियम नव्याने बांधले. मी ते मुद्दाम वाचले. रक्ताने भिजलेल्या कापसाला पिवळी पिशवी, नळ्या-पिचकाऱ्यांना लाल, काचेला निळी खूण, सुयांना भोक न पडणारा पांढरा डबा. भिजलेला कापूस ४८ तासांहून अधिक साठवायचा नाही. नळ्या नुसत्या निर्जंतुक करून भागत नाही, त्यांचे तुकडे करायचे. हा अतिरेक वाटेल. पण २००९ साली गुजरातेत मोडासा येथे हिपॅटायटिस बीची साथ येऊन कितीतरी माणसे दगावली, ती वापरलेल्या पिचकाऱ्या पुन्हा वापरात आल्यामुळे. हा कचरा हाताळणाऱ्यांना त्या रोगाची आणि धनुर्वाताची लस द्यावी, असेही नियमांत आहे. हातातून सुटली म्हणजे वस्तू आपली उरली नाही, हे आपले सोयीचे तत्त्वज्ञान या रुक्ष कलमांना मान्य नाही.

तीच सुई रुग्णालयात असती तर सरदारासारखी बंदोबस्तात गेली असती. माझ्या घरातून मात्र ती निनावी निघाली. कायदा घराला विसरला आहे असेही नाही. २०१६च्याच घनकचऱ्याच्या नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात धरून वेगळ्या ठेवायला सांगितल्या. परंतु माझी टोपली तपासायला कुणी येत नाही. आणि खरे सांगायचे तर, यावे असे मलाही वाटत नाही.

आपल्याला टाकण्याचा विवेक नाही म्हणावे, तर तेही खोटे. देवावरचे शिळे फूल आपण केरात टाकीत नाही. निर्माल्य कुणाच्या पायदळी येऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपत आलो. लक्ष्मीपूजनाला केरसुणीलाही हळदकुंकू वाहतो. फुलाची एवढी काळजी करणाऱ्या घरात सुईची काळजी का सुचू नये? फुलाला पाय लागेल तो कुणाचा, हे आपल्याला दिसते. सुई लागेल तो हात बहुधा दिसत नाही. मला तो दिसला, तोही चिंधी बांधलेला.

दुसऱ्या दिवशी लोणच्याची जाड प्लास्टिकची रिकामी बरणी घेऊन मी तीत सुया भरल्या. झाकण चिकटपट्टीने बंद केले, वर तांबड्या शाईने 'सुया' लिहिले. सौभाग्यवतींनी बरणीबद्दल जे म्हणायचे ते म्हटले. जवळच्या एका रुग्णालयाने, घरचे आम्ही घेत नाही, म्हणून परत पाठवले. शेवटी बरणी बाईंच्याच हाती दिली. त्यांनी ती कानाशी हलवून पाहिली आणि ढकलगाडीत वेगळ्या कोपऱ्यात ठेवली.

"धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत का हो?" मी विचारले.

"काम सुटल्यावर जाईन म्हणते," असे म्हणून त्यांनी शेजारची कडी वाजवली.