खुंटाचं देणं

आमच्या बाजूला जंगल म्हणजे बाभळी, लिंब आणि ओढ्याकाठचे करंज. त्यामुळे पुतण्याकडे केंब्रिजला गेलो होतो तेव्हा तो म्हणाला, "तात्या, चला, तुम्हाला थेटफर्डचं जंगल दाखवतो," तर मी हौसेनं निघालो. बघितल्यावर मात्र तोंडून निघून गेलं, "अरे, ह्यो तर मळा हाय!" दोरी धरून लावल्यासारख्या पाइनच्या ओळी, सगळी झाडं एका वयाची, खाली सुयांसारख्या पानांचा थर आणि त्याखाली भुसभुशीत वाळूची जमीन.

मळाच तो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना लाकूड कमी पडलं. कोळशाच्या खाणीत टेकू द्यायचं लाकूडसुद्धा बाहेरून यायचं, ते बोटींवरच्या हल्ल्यांमुळं अडकलं. म्हणून १९१९ साली त्यांनी फॉरेस्ट्री कमिशन काढलं आणि १९२२पासून या ब्रेकलँडच्या पडीक माळावर पाइनची लागण सुरू केली.

आपण दाट पेरून मागाहून विरळणी करतो, तसंच तिथंही. काही वर्षांनी मधली झाडं कापायची, म्हणजे राहिलेल्यांना ऊन मिळतं, ती जाड होतात. भल्यासाठी केलेली तोड. पण तिच्यानंतरच राहिलेली झाडं मरायला लागली. खुंटाच्या शेजारचं आधी एक, मग त्याच्या पलीकडची दोन, आणि होता होता डोक्याला चाई लागावी तसा रानात गोल चट्टा.

या बुरशीचं नाव हेटरोबॅसिडिअन ॲनोसम. ती मुळं कुजवते हे जर्मनीत रॉबर्ट हार्टिग यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. पण ती शिरते कुठून? ते केंब्रिजच्या जॉन रिशबेथ यांनी याच भागातल्या पाइनमध्ये काम करून १९५०च्या सुमारास उलगडलं. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर येतात आणि ताज्या कापलेल्या खुंटावर बसतात. झाड गेलं तरी त्याची मुळं जमिनीत शेजाऱ्याच्या मुळांना चिकटलेलीच असतात. बुरशी खुंटातून खाली उतरते आणि त्या वाटेनं उभ्या झाडात जाते. खुंटात ती कित्येक वर्षं तग धरते, त्यामुळं नव्यानं लावलेलं रोपही तिच्या तावडीत सापडतं. चुनखडीच्या जमिनीत तिचा जोर जास्त.

आता दोष कुणाचा? कापणाऱ्यानं तर राहिलेल्या झाडांच्या बऱ्यासाठीच कापलं. त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्याला दोषी धरत नाही. एकच जात लांबच्या लांब लावणाऱ्यालाही मी फार बोलणार नाही. युद्धातून पोळून निघालेला माणूस लवकर वाढणारं झाडच शोधणार. पण ठाऊक झाल्यावर काय? रिशबेथ यांच्यानंतर कुणालाच "मला काय माहीत" म्हणायची सोय राहिली नाही. तोडलेल्या झाडाचं लाकूड विकून मोकळं होता येईना, खुंटाचंही बघणं आलं.

बघायचं कसं, तेही रिशबेथ यांनीच सांगितलं. फ्लेबिऑप्सिस जायगॅन्टिया नावाची दुसरी एक बुरशी असते. ती मेलेलं लाकूड खाते, जित्या झाडाच्या वाटेला फारशी जात नाही. कापल्याबरोबर तिचे बीजाणू खुंटावर सोडले की ती आधी जागा धरते, मग रोगाच्या बुरशीला ठाव मिळत नाही. १९६० नंतर हे रानात वापरात आलं. बीजाणूंच्या पाण्यात रंग मिसळतात, म्हणजे खुंटाचा किती भाग भिजला ते दिसतं. मला ती युक्ती आमच्या आईसारखी वाटली. रिकामं जातं तसंच ठेवायचं नाही, म्हणून ती त्यावर सूप तरी पालथं घालून ठेवायची.

पण खर्च? खुंटाचे पैसे येत नाहीत. त्याच्यावर केलेला खर्च शेजारच्या झाडाला आणि पुढच्या लागणीला पावतो, म्हणजे बहुधा दुसऱ्याच माणसाला. थेटफर्डला रोगट भागात तर खुंट मुळासकट उपटून काढतात आणि त्यांच्या लांबच्या लांब राशी लावतात. पुतण्यानं त्या दाखवल्या. ज्यांनी ती झाडं लावली, त्यांतले बहुतेक आज हयात नसतील. भरपाई नातवंडं करताहेत.

हे सगळं माझ्या डोक्यात इतकं घोळत राहिलं त्याला कारण आमचं डाळिंब. आमच्याकडचा तेल्या बुरशीचा नव्हे, जिवाणूचा रोग, आणि तो पसरतो पावसाच्या शिंतोड्यांनी. पण रोगट फांद्या, फळं रानातच पडू दिली की पुढच्या पावसाला तो परत उठतो, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला पाठ आहे. आमच्या बांधाला लागून चुलतभावाची बाग. तेल्या आल्यावर त्यानं झाडं बुंध्यापासून छाटली, छाटणी बांधावरच टाकली आणि पोराकडे पुण्याला राहायला गेला. मी फोन केला तर म्हणाला, "आबा, बाग मोडली म्या. आता माझा त्या रानाशी काय संबंध?"

त्यानं लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्याचे पैसे बुडाले, मन उडालं. पण त्याचा संबंध तुटला असेल, त्याच्या रानाचा माझ्या रानाशी असलेला संबंध तुटलेला नाही. जमिनीला पुण्याचा पत्ता कळत नाही.

मग मी काय करायचं? त्याच्यावर रुसायचं तर झाडं काही वाचत नाहीत. मिरगाच्या आधी दोन गडी लावून त्याचा पाला गोळा करून जाळायचा, असं मी घरात बोललो. थोरला म्हणाला, "त्यांच्या रानातला कचरा आपण का म्हणून काढायचा? मजुरी कोण देणार?" त्याचं म्हणणं हिशोबाला धरून आहे. मी त्याला थेटफर्डच्या राशींचं सांगितलं, तर तो म्हणाला, "तिथं सरकार देतं, तात्या." तेही खरंच.

परवा गड्यांना सांगून ठेवलंय. सोमवारी यायचं म्हणाले आहेत.